दुकान, ऑफिस, क्लिनिक, हॉटेलच्या फर्निचरसाठी लॅमिनेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत दुकानं, दवाखाने, ऑफिसं आणि खानावळींचं फर्निचर करून मला बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक पहिल्यांदा भेटायला येतं तेव्हा हातात फोन असतो आणि फोनवर रंगाचा फोटो. रंग महत्त्वाचा आहेच, पण दोन पावसाळे गेल्यावर फोन येतो तो रंगाबद्दल नसतो. तो येतो फुगलेल्या कडेबद्दल, सुटलेल्या पट्टीबद्दल, वाकलेल्या शटरबद्दल, म्हणजे कपाटाच्या दाराबद्दल. म्हणून लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे आहेत, आणि त्यांनी विचारायला हवं असं मला वाटतं त्याचीही.

सनमायका, मायका, फॉर्मायका, लॅमिनेट, एचपीएल. हे सगळं एकच का?

बोलण्यात एकच. सनमायका हे मुळात एका ब्रँडचं नाव. आपल्याकडे ते इतकं रुळलं की कुठल्याही कंपनीची शीट असली तरी सुतार ‘मायका’च म्हणतो. फॉर्मायकाही ब्रँडच. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या उपकरणांत इन्सुलेशनला अभ्रक, म्हणजे मायका वापरत. त्याला पर्याय म्हणून हे निघालं, ‘फॉर मायका’, म्हणून फॉर्मायका. त्यामुळे आज आपण जिला मायका म्हणतो त्या शीटमध्ये अभ्रकाचा कणही नसतो.

ही शीट कागदाची असते, हे ऐकून लोक दचकतात. खाली जाड तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेले. त्यावर रंगाचा किंवा लाकडाच्या रेषांचा छापील कागद, तो मेलामाइन रेझिनमध्ये भिजवलेला. काही डिझाइनवर आणखी एक पारदर्शक कागद असतो, झीज त्यानेच सोसायची. ही चळत १२० अंश सेल्सिअसच्या वर तापवून, चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोहून जास्त दाबाखाली दाबतात. रेझिन घट्ट होतं आणि सगळे थर मिळून एक होतात. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसंच हे रेझिन पुन्हा वितळत नाही. एचपीएल म्हणतात ते हेच, जास्त दाबाखाली केलेलं लॅमिनेट. सजावटीच्या लॅमिनेटचं भारतीय मानक आयएस २०४६ आहे.

घरच्या कपाटाला लावतो तेच दुकानाच्या काउंटरला चालेल ना?

शीट तीच चालेल, काम तेच चालणार नाही. खानावळीच्या टेबलाचा हिशोब करा. बारा तास चालू आणि दर अर्ध्या तासाला नवं गिऱ्हाईक, म्हणजे टेबल दिवसाला चोवीस वेळा पुसलं जातं. वर्षाला आठ हजारांच्या वर. तेही ओल्या फडक्याने, आणि पाणी दर वेळी कडेवरूनच ओघळतं. घरचं डायनिंग टेबल इतका मार दहा वर्षांतही खात नाही.

म्हणून आधी हे ठरवा की पृष्ठभाग आडवा आहे की उभा. टेबल, काउंटर, रिसेप्शनचा वरचा पाट हे आडवे, त्यांच्यावर घासणं आणि आदळणं रोजचं. कपाटाची शटर, भिंतीवरचं पॅनेलिंग हे उभे, त्यांच्यावर फार तर हात लागतो. आडव्याला १ मिमीची, झिजायला कठीण शीट हवीच. उभ्याला ०.८ मध्ये भागतं. चांगल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात एचजीएस, व्हीजीएस अशी अक्षरं दिसतात. एच म्हणजे आडवा वापर, व्ही म्हणजे उभा. पैसे वाचवायचे तर ते शटरवर वाचवा. टेबलावर वाचवू नका.

दुकानदार १ मिमी म्हणून ०.८ देतो असं ऐकलंय. ओळखायचं कसं?

वजन करा. पूर्ण शीट आठ बाय चार फुटांची, २४४० बाय १२२० मिमी, म्हणजे साधारण तीन चौरस मीटर. १ मिमीची शीट चार किलोच्या आसपास भरते, ०.८ ची सव्वातीनच्या आसपास. भाजीवाल्याकडे असतो तसा लटकता काटा पुरतो. टेक्श्चरची शीट जागोजागी कमीजास्त जाड असते, त्यामुळे एकाच ठिकाणी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, लावून निवाडा करू नका.

ग्लॉसी घ्यावं की मॅट?

गिऱ्हाइकाची पहिली पसंती जवळपास नेहमी ग्लॉसी असते, आणि आडव्या पृष्ठभागावर ते लावू नका असं मी जवळपास नेहमी सांगतो. मेलामाइन कठीण असतं, पण धुळीतली वाळू त्याहून कठीण. मुंबईच्या रस्त्यालगतच्या दुकानात ही बारीक वाळू काउंटरवर दिवसभर बसतच असते. त्यावरून फाइल सरकते, डबा सरकतो, बांगड्या घासतात. चरे मॅटवरही पडतात, पण ग्लॉसीवर प्रकाश पडला की प्रत्येक चरा उठून दिसतो. काळं ग्लॉसी तर सहा महिन्यांत म्हातारं होतं.

काउंटरला आणि टेबलाला स्वेड, म्हणजे हाताला मऊ लागणारं कमी चकाकीचं फिनिश, किंवा बारीक मॅट हे माझं ठाम मत. रंग मधला घ्या, फार गडद नको आणि पांढराशुभ्रही नको. लाकडाच्या रेषांचं डिझाइन चरे सर्वात जास्त लपवतं. खोल टेक्श्चर भिंतीवर फार देखणं दिसतं, टेबलावर मात्र त्याच्या खाचांत मळ बसतो. ग्लॉसी हवंच असेल तर उभ्या पॅनेलला घ्या, डोळ्यांच्या उंचीच्या वर. तिथे ते वर्षानुवर्षं चकाकतं.

लॅमिनेट चांगल्या कंपनीचं घेतलं. मग प्लाय कुठलाही चालेल?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. लॅमिनेट म्हणजे कातडी. ती तिच्याखालच्या प्लायइतकीच टिकते.

साध्या प्लायचं मानक आयएस ३०३, त्याखाली दोन प्रती येतात. एमआर, म्हणजे ओलसर हवा सोसणारा, आणि बीडब्ल्यूआर, म्हणजे त्याहून वरचा, पाण्याला दाद न देणाऱ्या गोंदाचा. मरीन प्लायचं मानक आयएस ७१०. एसी ऑफिसातल्या कोरड्या कपाटाला एमआर ठीक आहे. जमिनीला टेकणाऱ्या, सिंकजवळच्या किंवा रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या कशालाही बीडब्ल्यूआरपेक्षा खालचं काही घालू नका. छाप प्रत्येक शीटवर असतो, तो कापायच्या आधी बघा. कापल्यावर छाप कुठल्या तुकड्यावर गेला हे सापडत नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत दादरला एका दुकानाचं काम केलं. लॅमिनेट उत्तम होतं, प्लायही बरा होता. पण काउंटरचं खोकं मी थेट लादीवर बसवलं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मुलगा बादलीभर पाणी ओतून लादी धूत असे, आपल्याकडची जुनी चांगली सवय. पाणी काउंटरखाली जायचं आणि तिथेच मुरायचं. दुसऱ्या पावसाळ्यात मालकाचा फोन आला. मी गेलो, खाली बसून बोटाने दाबून पाहिलं, तर वरची शीट जशीच्या तशी आणि आतला प्लाय बुडवलेल्या टोस्टसारखा. एक चराही न पडलेली शीट मी हाताने सोलून काढली. नवीन खोकं माझ्या खर्चाने करून दिलं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक खोक्याखाली चार इंचांचे पीव्हीसी पाय किंवा ग्रॅनाइटची पट्टी घालतो, आणि प्लायच्या खालच्या कापलेल्या कडेला बसवण्याआधी सीलर मारतो. ही कड कुणाला कधी दिसत नाही, म्हणून बरेच लोक ती कोरीच सोडतात, आणि पाणी तिथूनच आत शिरतं.

वाळवीचंही असंच. रेझिनने भरलेल्या शीटला वाळवी सहसा हात लावत नाही, ती आतलं लाकूड खाते. बाहेरून पॅनेल नवंकोरं, बोट मारलं की पोकळ आवाज. जुन्या चाळींत, तळमजल्याच्या गाळ्यांत काम करायचं तर वाळवीचा बंदोबस्त फर्निचर बसवायच्या आधी करायला हवा.

पार्टिकल बोर्ड आणि प्रीलॅम बोर्ड वाईट असतात का?

वाईट नसतात, जागा चुकते. कारखान्यात लॅमिनेट लावून येणारा प्रीलॅम पार्टिकल बोर्ड, मानक आयएस १२८२३, ऑफिसच्या वर्कस्टेशनला व्यवस्थित चालतो. तिथे कोरडी हवा असते, कडा मशीनने बंद केलेल्या असतात आणि फर्निचर सारखं हलवलं जात नाही. पण त्यात स्क्रू एकदा काढून परत लावला की पूर्वीसारखी पकड राहत नाही, आणि पाणी लागलं तर फुगलेला बोर्ड मूळ जाडीवर परत येत नाही. भाड्याच्या जागेत दर दोन-तीन वर्षांनी सामान उचलायची वेळ येत असेल तर प्लायच परवडतो.

पावसाळ्यात काम काढलं तर चालेल?

चालतं, पण घाईने नाही. जुलै-ऑगस्टात मुंबईच्या हवेत ८० टक्क्यांहून जास्त आर्द्रता असते. प्लाय ती ओल ओढतो, लॅमिनेटही थोडी ओढतं. ओल घेतली की दोन्ही वाढतात, सुकली की आकसतात, आणि दोघांची चाल सारखी नसते. लॅमिनेटचं आकुंचन-प्रसरण लांबीत होतं त्याच्या साधारण दुप्पट रुंदीत होतं.

आता नेहमीचा क्रम पाहा. ट्रक भर पावसात येतो, प्लाय ताडपत्रीखाली रात्रभर पॅसेजमध्ये पडतो, दुसऱ्या दिवशी शीट चिकटवली जाते, आठवड्याने उद्घाटन होतं आणि एसी चोवीस तास सुरू. ओला प्लाय एसीत सुकू लागतो, आकसतो, आणि महिन्याभरात सांधे उघडतात. मालकाला वाटतं सुताराने फसवलं. खरं तर ही फसवणूक घाईने केलेली असते.

मी काय करतो ते सांगतो. प्लाय आणि लॅमिनेट जिथे बसणार त्याच खोलीत तीन दिवस आधी आणून ठेवतो, जमिनीवर पट्ट्या टाकून, आडवं. शक्य असेल तर एसी चालू करून घेतो. आयएस ३०३ प्रमाणे प्लायमधली ओल ५ ते १५ टक्क्यांत असायला हवी. ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते जवळ ठेवतो आणि पंधराच्या वर आकडा दिसला तर काम थांबवतो. पांढऱ्या फेविकॉलने चिकटवलेली शीट पावसाळ्यात वजनाखाली नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावी लागते. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण नंतर फोन येत नाही.

शीटखाली फुगे का येतात?

बहुतेक वेळा गोंद कुठे कमी लागलेला असतो, किंवा मध्ये हवा अडकलेली असते. रबरच्या गोंदाने काम करत असतील तर तो प्लायला आणि शीटला, दोन्हीकडे लावायचा. मग बोट लावलं तर चिकटू नये इतका सुकू द्यायचा आणि मगच एका कडेपासून रोलर फिरवत शीट बसवायची. ओल्या गोंदावरच शीट ठेवली तर त्यातल्या द्रावकाची वाफ आत कोंडते आणि दोन दिवसांनी तिथेच फुगा उठतो. चांगला मिस्त्री काम झाल्यावर नाण्याने सगळीकडे टकटक करून ऐकतो. बद्द आवाज येईल तिथे आत पोकळ आहे. पैसे देण्यापूर्वी हे तुम्हीही करा.

हा गोंद पेट घेतो. लावत असताना खिडक्या उघड्या, विडी-सिगारेट बंद, वेल्डिंग त्या दिवशी नाही. एवढं साइटवर कुणीतरी बजावून सांगायलाच हवं.

शटर वाकतं ते कशामुळे?

एकाच बाजूला लॅमिनेट लावल्यामुळे. एका बाजूने शीट ओढते, दुसरी बाजू उघडी, मग पाट बाक घेणारच. आतल्या बाजूलाही तोडीस तोड शीट हवी, तिला लाइनर म्हणतात. ती साध्या पांढऱ्या रंगाची आणि स्वस्त असते. बाहेर १ मिमी आणि आत नुसता ऑइल पेंट, अशी सात फुटी शटर तुमच्या अंदाजपत्रकात असतील तर ती ओळ आताच बदलून घ्या.

कडेला पीव्हीसी पट्टी की लाकडी लिपिंग?

आमच्या गुरुजींच्या काळात सागाची पट्टी मारून पॉलिश करत. अजूनही शाळेच्या बाकांना आणि कोर्टकचेरीतल्या टेबलांना मी तीच सुचवतो, कारण मार खाल्ला तरी ती फक्त दबते, सुटत नाही. बाकी व्यावसायिक कामाला पीव्हीसी पट्टी. शटरला ०.८ मिमी पुरते. टेबलाच्या टॉपला २ मिमी घ्या. पोटावर टेकणारी, खुर्चीचा हात आदळणारी कड तीच, आणि २ मिमीच्या पट्टीचा काठ गोल करता येतो.

पट्टी शक्यतो मशीनवर गरम गोंदाने लावून घ्या. साइटवर हाताने रबरच्या गोंदाने लावलेली पट्टी खानावळीच्या टेबलावर टिकलेली मी अजून पाहिली नाही. शेगडी आणि सिंकजवळच्या कामाला पीयूआर, म्हणजे पॉलियुरेथेनचा गोंद मागा. थोडा महाग पडतो, पण पाणी आणि उष्णता दोन्ही सोसतो.

कडेला काळी रेघ दिसते म्हणून पुष्कळ तक्रारी येतात. तो दोष नाही. ती आतल्या तपकिरी कागदाची जाडी आहे. पट्टीचा रंग नीट जुळवला आणि ट्रिमरने काठ स्वच्छ काढला की ती नजरेत भरत नाही.

वायरसाठी भोक पाडलं तिथून तडा गेला. शीट खराब होती का?

शीट बहुधा चांगली असते, कोपरा चुकीचा असतो. आतला कोपरा काटकोनात कापला की शीटचा सगळा ताण त्या एका टोकावर येतो. पुढे हवा बदलली, कुणी टेकलं, की तडा तिथूनच सुरू होतो. एका दवाखान्याच्या रिसेप्शनवर मी हे जवळून पाहिलं. प्रिंटरच्या वायरींसाठी चौकोनी खाच होती, चारही कोपरे करवतीने टोकदार काढलेले, आणि चारही कोपऱ्यांतून केसासारखे तडे तिरपे निघालेले. आधी चारही कोपऱ्यांत १२ मिमीच्या ड्रिलने गोल भोकं पाडायची आणि मग ती सरळ कापून जोडायची. कोपरा गोल राहिला की ताण वाटला जातो. सिंक, स्विचबोर्ड, एल आकाराचं काउंटर, सगळीकडे हाच नियम.

चार बाय दोनची टेबलं हवीत. एका शीटमध्ये चार निघतील ना?

कागदावर निघतात. चार बाय दोन म्हणजे आठ चौरस फूट, शीट बत्तीसची, चोख चार. पण शीट टेबलापेक्षा प्रत्येक बाजूला दोन-तीन मिमी मोठी कापावी लागते. चिकटवल्यावर राऊटर, म्हणजे कड छाटायचं मशीन, फिरवून ती वाढीव कड काढायची असते. चार फूट म्हणजे १२१९ मिमी. त्यात सहा मिळवले की १२२५, आणि शीटची रुंदी १२२०. लांबीत दोन तुकडे बसवायला २४५० लागतात, आहेत २४४०. म्हणजे चार सोडाच, नीट कापला तर एकच पुरा टॉप निघतो आणि बाकी शीट तुकड्यांत जाते.

तेच टेबल १२०० बाय ६०० मिमीचं करा. तुकडा १२०६ बाय ६०६ चा, लांबीत दोन, रुंदीत दोन, करवतीच्या पात्याची जागा धरूनही चार आरामात. वीस टेबलांच्या खानावळीत बसणाऱ्याला हा फरक कळतही नाही, मालकाला मात्र पाच शीट लागतात आणि फूटपट्टीने हट्ट केला तर कितीतरी जास्त. डिझाइन पक्कं करण्याआधी शीटच्या मापावर टेबल बसवून बघा. माझ्या मते अंदाजपत्रकातली सर्वात मोठी बचत इथे आहे, घासाघीस करण्यात नाही. लाकडाच्या रेषांचं डिझाइन असेल तर रेषांची दिशाही धरा, ती फिरवता येत नाही.

गरम चहाचा ग्लास, तवा, कढई ठेवली तर?

चहाच्या ग्लासाने काही होत नाही. गॅसवरून उतरवलेली कढई किंवा तवा थेट ठेवू नका. वरचं मेलामाइन क्षणभर सोसेलही, पण खालचा गोंद मऊ होतो आणि तिथे कायमचा फोड राहतो. पोळीभाजी केंद्राच्या किचन काउंटरला मी लॅमिनेट लावतच नाही. तिथे ग्रॅनाइट किंवा स्टील, लॅमिनेट बाहेरच्या टेबलांना.

हळद, बेटाडिन, हेअर डाय यांचे डाग निघतात का?

लवकर पुसले तर निघतात. हळदीला कोमट पाणी आणि भांड्याचं लिक्विड, तेवढ्याने गेली नाही तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट दोन मिनिटं ठेवून मऊ फडक्याने पुसायची. हेअर डाय आणि आयोडीन सर्वात हट्टी. पार्लर आणि दवाखान्यात फिकट मॅट न लावणं हा त्यावरचा खरा उपाय. शाईच्या आणि मार्करच्या डागांना स्पिरिट चालतं.

तारेची घासणी आणि स्क्रबरची खरखरीत बाजू कधीच नको. संडास साफ करायचं ॲसिड लॅमिनेटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर चट्टा राहतो. तेच ब्लीचचं. दवाखान्यात त्याने पुसावंच लागतं, तेव्हा नंतर साध्या ओल्या फडक्याने एक हात मारा. मेण किंवा फर्निचर पॉलिश लावू नका, त्यावर धूळच चिकटते. रात्री सफाई करणाऱ्या माणसाला हे समोर उभं राहून दाखवा, कारण फर्निचरचं आयुष्य शेवटी त्याच्याच हातात असतं.

आगीच्या दृष्टीने लॅमिनेट सुरक्षित आहे का?

साधं लॅमिनेट लाकडापेक्षा उशिरा पेट घेतं, पण जळतं. अग्निरोधक प्रत वेगळी मिळते. ती घेतली आणि खाली साधा प्लाय ठेवला तर पैसे निम्मे वाया. अग्निरोधक प्लायचं मानक आयएस ५५०९ आहे, दोन्ही मिळून घ्या आणि दोन्हींचे चाचणी अहवाल मागा. जिने, पॅसेज, बाहेर पडायच्या वाटेवरचं पॅनेलिंग, इलेक्ट्रिकल पॅनेलच्या आजूबाजूची जागा इथे तडजोड करू नका.

२९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळला, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटला लागलेल्या आगीत १४ जण गेले. त्या दिवसानंतर सजावटीच्या नावाखाली बाहेर पडायची वाट अरुंद करून मागणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम मी घेत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जागेचा मालक किंवा भोगवटादार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, देतो. स्प्रिंकलर किंवा होज बॉक्स पॅनेलिंगमागे झाकला तर त्या प्रमाणपत्राला काही अर्थ उरत नाही.

टॉयलेटच्या पार्टिशनला काय वापरावं?

कॉम्पॅक्ट लॅमिनेट. हे आरपार तेच, कागद आणि रेझिन, प्लाय नाहीच. पार्टिशनला १२ मिमी जाडी घ्या. रोज पाइप मारून धुतलं तरी फुगत नाही. खाली पाय स्टेनलेस स्टीलचे, बिजागऱ्याही त्याच्याच. साध्या लोखंडी स्क्रूंवर समुद्राच्या हवेत वर्षभरात गंज चढतो.

बाहेरच्या भिंतीला किंवा उन्हातल्या काउंटरला चालेल?

आतल्या वापराचं लॅमिनेट बाहेर लावू नका. उन्हाने रंग उडतो आणि पावसाने कडा उलतात. बाहेरच्यासाठी ऊन सोसणारी, वेगळ्या थराची प्रत येते, तीच मागा. पश्चिमेकडच्या काचेलगतचा काउंटरही मी बाहेरचाच धरतो.

नव्या फर्निचरचा वास किती दिवस राहतो? अपाय होतो का?

वास मुख्यतः गोंदाचा असतो, आणि काही अंशी प्लाय किंवा बोर्डातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचा. डोळे चुरचुरतात ते त्यानेच. बोर्ड ई१ किंवा ई० प्रतीचा, म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा घ्या, कापलेल्या सगळ्या कडा बंद करून घ्या आणि ताबा घेतल्यावर निदान आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवा. लहान मुलांचे क्लास आणि बालरोग दवाखाना असेल तर हे अंदाजपत्रकातच लिहून घ्या.

जुन्या लॅमिनेटवरच नवीन लावता येईल?

जुनं कुठेही सुटलेलं नसेल तर येतं. नाण्याने वाजवून बघा, पॉलिश पेपरने चकाकी घालवा, तेलकटपणा पुसून काढा आणि मग रबरच्या गोंदाने लावा. शटरची जाडी वाढते, म्हणून बिजागऱ्या आणि फटी पुन्हा जुळवाव्या लागतात. खालचा प्लाय ओला असेल तर मात्र हा मार्ग नको. चरा घासून किंवा जळका डाग पॉलिश करून घालवता येतो का, असंही विचारतात. नाही. रंगाचा थर कागदाइतकाच असतो, घासला की गेला.

जास्तीची शीट घेऊन ठेवावी का? आणि ती वर कशी न्यायची?

मोठ्या कामाला एक-दोन जास्त घ्याच, आणि सगळ्या एकाच बॅचच्या. मागच्या लेबलवर बॅच नंबर असतो. वेगळ्या बॅचचा पांढराही शेजारी ठेवला की वेगळा दिसतो, आणि दोन वर्षांनी ते डिझाइन बंद झालेलं असतं. वरची प्लास्टिकची फिल्म सगळ्या पाटांवरून एकाच दिवशी काढा.

फोर्टातल्या जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये आठ फुटी शीट मावत नाही. १ मिमीची शीट चांगली बाजू आत ठेवून सैल गुंडाळायची, सुतळीने दोन ठिकाणी बांधायची आणि एका माणसाने खांद्यावरून जिन्याने न्यायची. फार घट्ट गुंडाळली तर तडकते. प्लाय मात्र गुंडाळता येत नाही. तो खालीच मापाने कापून घ्यावा लागतो, त्यासाठी सोसायटीकडून आवारातली जागा आधी मागून ठेवा.

कोटेशनमध्ये काय काय लिहून घ्यावं?

नुसतं ‘लॅमिनेट फिनिश’ लिहिलेलं कोटेशन परत पाठवा. लॅमिनेटची कंपनी, कोड नंबर, जाडी आणि फिनिश. प्लायची जाडी, प्रत आणि आयएस क्रमांक. आतून लाइनर आहे की नाही. कडेची पट्टी किती मिमीची, मशीनवर की हाताने. गोंद कुठला. खोक्याखाली पाय कशाचे. आणि उरलेले तुकडे कुणाचे, तेही. ते आमच्याकडेच राहू द्या असं सुतार म्हणेल, पण हातभर लांबीचे दोन-चार तुकडे तुम्ही मागून घ्या आणि मागे कोड लिहून कपाटात ठेवून द्या. कुठली कड सुटली, ड्रॉवरचा दर्शनी भाग फुटला, तर दुरुस्तीला तेच लागतात.